समर्पण प्रभूला करायचं, आत्याला नाही

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतीये:

"ताई, प्रभूमध्ये सलाम. मी ३४ वर्षांची आहे, नगरला एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा केलाय. बरीच वर्षं लग्नासाठी प्रार्थना करतीये. दोन ठिकाणी जमत आलं आणि मोडलं. मागच्या उन्हाळ्यात चर्चच्या महिला मंडळात पास्टर मॅडमनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि म्हणाल्या, तू ही इच्छा मुठीत घट्ट धरून ठेवलीयेस म्हणून प्रभू देत नाहीये, एकदा पूर्ण समर्पण कर आणि मग बघ. मी तिथेच सगळ्यांसमोर उभी राहून साक्ष दिली की आजपासून हा विषय मी प्रभूच्या पायाशी सोडला. घरी येऊन मॅट्रिमोनी साइटवरचं प्रोफाइलही काढून टाकलं, म्हटलं विश्वास आहे तर हे कशाला. नंतर मावसबहिणीच्या लग्नात जेवता जेवता उठले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हणजे मी काही सोडलंच नव्हतं. मग मी मंडळीसमोर खोटं बोलले का? आता आत्याने जालन्याचं एक स्थळ आणलंय, त्याची बायको वारलीये, सात वर्षांची मुलगी आहे, नोकरी चांगली आहे, माणूस शांत आहे म्हणतात. मला मनातून काहीच वाटत नाहीये. पण आत्या म्हणते, समर्पण केलंस ना, मग हे प्रभूनेच पाठवलंय, आता नाही म्हणू नको. पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता तोही लग्नाचं काय ते ठरू दे म्हणून ठेवून दिलाय. मला एवढंच सांगा, इच्छा खरंच सोडली हे कळतं कसं? आणि मागणं थांबवू का? – नगरची एक बहीण"

अगं, सलाम. आधी खोटं बोलण्याचं संपवू या कारण ते तुला उगाच खातंय. तू खोटं बोलली नाहीस. त्या दिवशी, त्या खोलीत, डोळे मिटून सगळ्या बायका तुझ्यासाठी प्रार्थना करत असताना तुला जे मनापासून वाटलं ते तू बोललीस, आणि पुढे लग्नाच्या मांडवात जे वाटलं तेही खरंच होतं, माणसाचं मन काही सरकारी शिक्का नाहीये की एकदा उमटला की झालं. तुला मंडळीत परत उभं राहून साक्ष मागे घ्यायची गरज नाही, कुणी विचारलं तर "अजून प्रार्थना चालू आहे" एवढं सांग आणि चहा घे. हो, एक मात्र, यापुढे कुणाच्या भरीला पडून सगळ्यांसमोर काही जाहीर करू नको, आपल्याकडे साक्षीची एक अशी पद्धत पडून गेलीये की शेवट गोड असल्याशिवाय माइक हातात देतच नाहीत, त्यामुळे अर्ध्या वाटेवरची माणसंसुद्धा पोचल्यासारखं बोलायला लागतात.

आता पास्टर मॅडमचं. बाई चांगल्या मनाच्या असतील, त्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली याची किंमत कमी करत नाहीये मी, पण "सोडलंस की मिळेल" हे जे गणित त्यांनी तुझ्या हातात दिलंय ना ते मला अजिबात पटत नाही. कारण मग ते सोडणं राहतच नाही, तो सौदा होतो. म्हणजे मी मूठ उघडते, पण एका डोळ्याने बघत राहते की आता तरी काही पडतंय का हातात. आणि नाही पडलं की दोष परत तुझाच, तूच नीट सोडलं नसशील, अजून जोरात सोड. यातून बाहेर यायला रस्ताच नाही गं. मिळालं तर मॅडमचं गणित बरोबर, नाही मिळालं तर तुझं समर्पण कच्चं!

त्या गणिताने बघायचं ठरवलं तर आपल्या पंडिता रमाबाईंचं काय करायचं सांग. तुमच्या नगरकडच्या चर्चमध्ये कुणाला रमाबाई सांगायला नकोत. नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला, हातात तान्ही मनोरमा, पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या कितीतरी मुली आणून सांभाळल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला बसल्या. आपल्या मागे हे सगळं मनोरमा बघेल असंच त्यांच्या मनात होतं, मनोरमाबाई कामातही होत्या. आणि १९२१ मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. पुढच्या वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. आता कुणाची हिंमत आहे का म्हणायची की रमाबाईंनी मुलीला प्रभूच्या हाती पुरेसं सोपवलं नव्हतं? ज्या बाईने सगळं आयुष्य सोपवलं तिलाही एक इच्छा पुरी होताना दिसली नाही. त्यामुळे तुझं लग्न न जमण्याचा आणि तुझ्या समर्पणाच्या क्वालिटीचा काही संबंध आहे हे डोक्यातून काढून टाक. दोन स्थळं मोडली त्याची कारणं तू लिहिली नाहीस, पण मला वाटतं ती कारणं साधी माणसांची असतील, हुंडा, पत्रिका नसली तरी पोटजात, नाइट ड्युटी चालणार नाही, असलंच काहीतरी.

मग समर्पणाची प्रार्थना असते तरी कशी? मला विचारशील तर सरळ गेथशेमानेत जाऊन बघ, येशूला धरून नेलं त्या रात्री तो ज्या बागेत प्रार्थना करत होता तिथे, दुसरीकडे कुठे शोधू नको. आपण त्या प्रसंगातलं शेवटचं वाक्य तेवढं पाठ केलंय, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. पण त्याच्या आधीचं वाक्य काय आहे? हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्रभू येशूने आधी स्वतःची इच्छा सांगितली, स्पष्ट, काही न गुंडाळता, मला हे नकोय. आणि मत्तयात लिहिलंय की तिसऱ्या वेळेलाही त्याने तेच शब्द बोलून प्रार्थना केली. म्हणजे पहिल्यांदा "तुझी इच्छा" म्हणून झाल्यावर परत जाऊन तेच मागितलं! आता आपल्या एखाद्या फास्टिंग प्रेयरमध्ये कुणी असं केलं तर आपण लगेच म्हणू, भाऊ, तुम्ही मघाशीच सोपवलं होतं ना, परत का मागताय, विश्वास नाही का. येशूला असं म्हणायला तिथे कुणी नव्हतं कारण तिघं शिष्य झोपले होते, बरंच झालं.

तू नर्स आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. ओपीडीत पेशंट आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, डॉक्टर, तुमची जी इच्छा असेल ते करा. कुठे दुखतंय ते सांगायलाच तयार नाही. तू काय म्हणशील त्याला? बाबा रे, आधी दुखतंय कुठे ते तर बोल. मला वाटतं आपल्यातल्या निम्म्या समर्पणाच्या प्रार्थना अशाच असतात, दुखणं न सांगता थेट "तुझी इच्छा होवो". ऐकायला फार पवित्र वाटतं, पण ते पुष्कळदा भीतीने असतं, की मागितलं आणि नाही मिळालं तर? त्यापेक्षा मागतच नाही म्हणजे अपमान नको. मग देवाजवळ दिलंस काय तू? जे बोललीच नाहीस ते देणार कसं?

हन्नाचं बघ, पहिला शमुवेल, पहिला अध्याय. तिला मूल होत नव्हतं, ती शिलोच्या मंदिरात इतकी जीव तोडून प्रार्थना करत होती, नुसते ओठ हलत होते, आवाज नाही, तर एली याजकाला वाटलं बाई पिऊन आलीये. याजकाला! (पास्टर मॅडम काही म्हणाल्या म्हणून फार मनाला लावून घेऊ नको हे यासाठीच सांगतीये, देवाच्या घरातल्या मोठ्या माणसांचाही अंदाज चुकतो.) या गोष्टीवर मदर्स डेला आणि बाळाच्या समर्पणाला हमखास मेसेज होतो आणि गाडी थेट शमुवेलच्या जन्मावर जाते. पण मधलं एक वचन बघ. एली म्हणाला शांतीने जा, आणि ती उठली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. हे सगळं मूल होण्याच्या आधी. तोवर हातात काहीही आलेलं नव्हतं. फक्त एवढं झालं होतं की पोटातलं सगळं बाहेर पडलं होतं, जिथे पडायला हवं तिथे. मी हे म्हणून सांगत नाहीये की तुझाही चेहरा एका प्रार्थनेत बदलायला हवा, नाही बदलला तरी चालेल, पण हन्नाने सोडायच्या आधी ओतलं, हा क्रम लक्षात घे.

कॅथलिक लोकांकडे तर हे शिस्तीत बसवलंय. संत इग्नेशियस लोयोला यांच्या स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस, १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या, जेझुइट फादर लोक अजून त्यावर तीस दिवसांची रिट्रीट घेतात. त्यात सुरुवातीलाच येतं की आरोग्य की आजार, पैसा की गरिबी, मोठं आयुष्य की छोटं, यातलं कशालाच माणसाने आपल्या बाजूने चिकटून राहू नये. वाचून वाटतं बाप रे, हे तर पास्टर मॅडमपेक्षा कडक. पण त्याच पुस्तकात जवळजवळ प्रत्येक प्रार्थनेच्या आधी एक पायरी ठेवलीये, मला काय हवंय ते देवाजवळ मागायचं. तिथे मागणं बहुतेक आत्मिक असतं, पश्चात्ताप दे, आनंद दे, असं, ते खरं. पण सवय कसली लावलीये बघ ना, इच्छा मारायची नाही, तिचं नाव घेऊन ती समोर ठेवायची, आणि मग निवड त्याच्यावर. आणि वांद्र्याला माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाची घरं, मेणाची बाळं, मेणाचे हातपाय विकायला असतात, लोक ते घेऊन आत जातात, आपल्यातले प्रॉटेस्टंट त्याला हसतात. मी नाही हसत. निदान त्या माणसाला माहितीये की आपल्याला काय पाहिजे. मेणाचं घर घेऊन गेलेला माणूस आत जाऊन "प्रभू, मला काहीच नको" असं तर म्हणणार नाही.

प्रभूच्या प्रार्थनेतही हेच आहे, रोज म्हणतो म्हणून लक्ष जात नाही. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आणि लगेच पुढची ओळ, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. एका दमात दोन्ही! आधी समर्पण आणि लगेच मागणं, तेही भाकरीसारखं पोटाचं मागणं. येशूला यात काही विरोध दिसला नाही तर आपण कोण काढणारे.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, मागणं थांबवू नको. कधी थांबवायचं याची बायबलमध्ये दोन उदाहरणं मला फार स्पष्ट वाटतात. पौलाने त्याचा तो शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि मग थांबला, पण का थांबला? कारण त्याला उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे. उत्तर नाही असं होतं, पण उत्तर होतं. आणि दावीद राजा. त्याचं बाळ आजारी होतं तोवर तो जमिनीवर पडून राहिला, जेवला नाही, रडला, आणि सातव्या दिवशी बाळ गेलं असं कळल्यावर उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, देवाच्या घरात जाऊन नमन केलं आणि मग जेवायला मागितलं. नोकर चक्रावले. दावीद म्हणाला, मूल जिवंत होतं तोवर मला वाटत होतं, कुणी सांगावं, परमेश्वर दया करील. म्हणजे दार उघडं आहे तोवर मागायचं, बंद झालं की उठायचं. तू ३४ वर्षांची आहेस, तुझं कुठलंही दार कुणी बंद केलेलं नाहीये, मग तू आत्ताच का उठून अंघोळ करतीयेस?

आता पहिला प्रश्न, सोडलं हे कळतं कसं. आपल्याकडे याचं एक ठरलेलं उत्तर आहे, मनाला शांती मिळाली की समज. मला या उत्तराची जरा भीतीच वाटते. कारण लूकमध्ये गेथशेमानेचं वर्णन वाच, "तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" म्हणून झालं, स्वर्गातून देवदूत येऊन त्याला शक्ती देऊन गेला, आणि त्याच्या पुढच्या वचनात काय आहे, तो अत्यंत विव्हळ होऊन आणखी आग्रहाने प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. समर्पण झाल्यावर! देवदूत येऊन गेल्यावर! शांती हीच जर टेस्ट असेल तर येशू त्या रात्री नापास झाला म्हणावं लागेल. त्यामुळे मांडवात रडू आलं म्हणजे तू सोडलं नव्हतंस, हे मला मान्य नाही. रडू आलं म्हणजे इच्छा जिवंत आहे एवढंच. इच्छा जिवंत असणं आणि ती देवाच्या हातात असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, आणि खरं तर मेलेली इच्छा देवाला देण्यात काय मोठं आहे, ती तर कुणीही देईल.

माझ्या मते बघायचं ते वेगळ्या गोष्टीत. ही इच्छा पुरी व्हावी म्हणून तू काय काय करायला तयार आहेस, आणि काय नाही. उद्या कुणी चांगला पगारवाला आला, पण दारू पितो हे तुला दिसतंय, तर वय निघून चाललंय म्हणून डोळे झाकशील का? लग्न होईपर्यंत देवावर रुसून प्रार्थनाच बंद, असं होतंय का? दुसरीचं लग्न ठरलं की तिच्याशी बोलणं टाळतेस का, महिनोन्महिने? यात कुठे हो आलं तर तिथे काम आहे, त्या जागी प्रार्थना कर. आणि तुझ्या पत्रावरून मला वाटतं की तसं फार काही नाहीये, तू मावसबहिणीच्या लग्नाला गेलीस, बाहेर येऊन परत फोटोला उभी राहिली असशील, म्हणजे हात बऱ्यापैकी मोकळा आहे तुझा. फक्त दुखतंय.

आणि हे एकदा करून संपत नाही, हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं तुला. मेथॉडिस्ट मंडळ्यांमध्ये कराराची उपासना असते बघ, बऱ्याच ठिकाणी नववर्षाच्या सुमारास, जॉन वेस्लीने १७५५ मध्ये लंडनला सुरू केली. त्यातली प्रार्थना चांगलीच कठीण आहे, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरलेलं ठेव किंवा रिकामं ठेव, असा सगळा भाव. पण मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काय वाटतं सांगू, ती दर वर्षी करतात. मागच्या वर्षी ज्यांनी सगळं देऊन टाकलं तेच लोक या वर्षी परत येऊन देतात. कारण मधल्या बारा महिन्यांत आपण हळूच परत उचलून आणलेलं असतं, सगळेच आणतात. तू मांडवात उचललंस, घरी जाऊन परत ठेव. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

करायचं कसं, तर माझं साधं म्हणणं आहे. नाइट करून आलीस की त्या अवस्थेत प्रार्थनेला बसू नको, झोप आधी. रात्री फोनवर दुसऱ्यांचे साखरपुड्याचे रील बघून झाल्यावर तर अजिबात नको. एक ठरलेली वेळ घे, पाच-दहा मिनिटं बास, आणि मोठ्याने बोल, मनातल्या मनात नको, मनातल्या मनात आपण फार चटकन शुद्ध मराठीत शिरतो आणि "हे सर्वसमर्थ पित्या" करून मूळ मुद्दा राहतो बाजूला. सरळ बोल की प्रभू, मला लग्न करायचंय. मला मूल हवंय. ड्युटीवरून घरी आल्यावर घरात कुणीतरी असावं असं वाटतं. आई मला बघून कुढते ते बघवत नाही. चर्चमध्ये "अजून नाही का" विचारलं की राग येतो. बोलता बोलता तुझ्या लक्षात येईल की ही एक इच्छा नाहीये, चार-पाच आहेत एकात एक अडकलेल्या, आणि त्यातल्या एखाद-दुसरीला लग्नाची गरजच नाहीये, आईशी एकदा नीट बोललीस तरी ती हलकी होईल. सगळं बोलून झालं की मग म्हण, हे माझं आहे, आता तू ठरव. आणि उठ. काही वाटलं नाही तरी उठ. शब्द सुचले नाहीत तर तेरावं स्तोत्र घे, सहाच वचनं आहेत, किती वेळ, परमेश्वरा, किती वेळ, असं चालू होतं, आणि ते देवाच्या पुस्तकात छापलेलं आहे म्हणजे असं बोलायला परवानगी आहे.

आता प्रोफाइल. ते परत टाक, आजच टाक, फोटो चांगला टाक. विश्वास आहे तर हे कशाला असं म्हणालीस ना, मग उत्पत्तीचा चोविसावा अध्याय काढ. अब्राहामाचा कारभारी इसहाकासाठी मुलगी बघायला निघाला, विहिरीवर उभं राहून त्याने काय सुंदर प्रार्थना केली, देवाने दाखवलीही. पण ती प्रार्थना करायला तो दहा उंट घेऊन, सामान लादून, पार मसोपटेम्याला गेला होता! तंबूत बसून "प्रभू, तूच पाठव" नाही केलं त्याने. उंट हे अविश्वासाचं लक्षण आहे असं कुठल्याही पास्टरने अजून शिकवलेलं मी ऐकलं नाही. मॅट्रिमोनी साइट हा तुझा उंट आहे समज. ओळखीच्यांनाही सांग, पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांमध्ये, मिरजेला, सोलापूरला, नर्सिंगच्या तुझ्या बॅचच्या मैत्रिणी कुठे कुठे असतील त्यांना.

आणि तो पोस्ट बेसिकचा फॉर्म. हे वाचून मला खरा राग आला, तुझा नाही, या सगळ्या वाट बघण्याच्या प्रकाराचा. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन सगळ्यांच्या स्टेटसला असतं, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, हिताचे आहेत. मग त्याच्या एकच वचन आधी बघ, सत्तर वर्षांनी म्हणतोय देव! ते पत्र आहे बाबेलात धरून नेलेल्या लोकांना. आणि त्याच पत्रात वर काय लिहिलंय, घरं बांधा, राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, मुलं होऊ द्या. म्हणजे मोठी गोष्ट देवावर सोपवून ठेवलेले लोक काही बॅगा भरून दारात बसलेले नव्हते. दोन वर्षांचा कोर्स आहे, लग्न जमलं तर बीएस्सी होऊन लग्न करशील, नाही जमलं तर बीएस्सी होऊन काम करशील, दोन्हीकडून तुझाच फायदा. फॉर्म भर. शेवटची तारीख बघून घे.

राहिली आत्या.

आत्या तुझ्या काळजीनेच करतीये, पण तिने एक मोठी गडबड केलीये, तू देवाला दिलेली मोकळीक तिने स्वतः वापरायला घेतलीये. तू समर्पण प्रभूला केलंस, आत्याला नाही. स्थळ आत्याने आणलंय. ते प्रभूने पाठवलंय की नाही हे आत्याला आत्ताच कसं कळलं? आपल्या समाजात "देवाची इच्छा" हे वाक्य मोठी माणसं फार सहज वापरतात, आणि ते बहुतेक वेळा लहानांनी, त्यातही मुलींनी, गप्प बसावं म्हणूनच वापरलं जातं, मुलाला कधी कुणी म्हणत नाही की ही मुलगी प्रभूने पाठवलीये आता नाही म्हणू नको, त्याला फोटो बघून चार नापसंत करायची मुभा असते. हे मला पहिल्यापासून खटकतं.

आणि होकार-नकाराचं म्हणशील तर मरीयेकडे बघ. येशूच्या जन्माची बातमी घेऊन साक्षात गब्रीएल देवदूत समोर उभा आहे, तरी ती आधी प्रश्न विचारते, हे कसं होईल? उत्तर ऐकते. मग म्हणते, मी प्रभूची दासी. देवदूताला प्रश्न चालला तर आत्याला का चालू नये! इसहाकासाठी बघितलेल्या त्या रिबेकाचंही तसंच, सगळं ठरलं होतं, सोनंनाणं देऊन झालं होतं, तरी घरच्यांनी तिला बोलावून विचारलं, या माणसाबरोबर जातेस का? ती जाते म्हणाली तेव्हा निघाले. इतक्या जुन्या काळात विचारलं गं.

पण मी तुला नाही म्हण असंही सांगत नाहीये हं. मनातून काही वाटत नाही म्हणालीस, तर न भेटता काय वाटणार? तू अजून त्याच्याशी बोललेलीच नाहीस, नुसतं कानावर आलंय, आणि ते आल्या आल्याच त्याला देवाच्या इच्छेचं लेबल लागलं, म्हणून तुझं मन तिथेच आखडून बसलंय. लेबल काढ आणि साध्या माणसासारखी त्याला भेट. दोनतीनदा भेट, फोनवर बोल. बायको कशी गेली, कधी गेली, तो त्याबद्दल बोलू शकतो का, की विषय निघाला की उठून जातो. त्याला बायको हवीये की मुलीसाठी आई हवीये, आणि त्याच्या आईला बघायला नर्स हवीये, हे नीट ओळख, तुला ते कळेल, तू रोज नातेवाइकांची तोंडं वाचतेस. तुझी नोकरी चालू राहणार का, कोर्स करू देणार का, पगार कुणाच्या हातात. हे विचारणं अध्यात्मात बसत नाही असं कुणाला वाटलं तर वाटू दे. एवढं करून तुला तो माणूस आवडायला लागला तर छान, आणि नाही आवडला तर नाही म्हण, हात जोडून, नीट शब्दात, आणि त्याच्यासाठीही एक प्रार्थना कर कारण तोही बिचारा कुणाच्या तरी आत्याच्या हातात सापडलेला असणार.

एक गोष्ट मात्र गोड करून सांगता येणार नाही मला. असं होऊ शकतं की तू सगळं केलंस, मागितलंस, सोपवलंस, उंट घेऊन निघालीस, आणि तरी लग्न झालं नाही. गेथशेमानेत तो प्याला दूर झाला नाही, हे आपल्याला माहितीये. तसं झालं तर कुणी तुला "पौलही अविवाहित होता" म्हणून समजूत घालायला येईल, त्यांना येऊ दे, पण तुझं दुःख हे दुःखच असेल आणि ते तसंच देवाजवळ न्यायचं, त्याला लगेच आशीर्वादाचं कव्हर घालायला नको. ते आत्ताच जगायला लागू नको एवढंच. आणि रडू फार वाढलं, सुटीच्या दिवशीही झोप लागेना, जेवण जाईना, कामात लक्ष लागेना असं झालं, तर तुझ्याच हॉस्पिटलमध्ये किंवा बाहेर डॉक्टरला दाखव, हे पेशंटला तू स्वतः सांगतेस, स्वतःला सांगायला लाजू नको.

आणि हो, जालन्याच्या भेटीचं ठरलं तर आत्याला आधीच फोन करून सांग की पहिल्या भेटीत मुलीला आणू नका. सात वर्षांची पोर आहे, तिला कुणीतरी गाडीत सांगणार नवी मम्मी बघायला चाललोय, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून तुला ना धड हो म्हणता येणार ना नाही. मोठे मोठे आधी भेटा, कुठेतरी बाहेर, चर्चच्या आवारात नको, तिथे पंधरा मिनिटांत सगळ्या मंडळीला कळेल.

कळव काय झालं ते.

प्रभूमध्ये सलाम,
ताई